उंच उंबरठा

एखाद्या धर्मशाळेचे दार रात्रंदिवस उघडे असावे, भाडे एक पैचेही नसावे, आणि तरीही वाटसरूने दारातूनच परत फिरावे, असे घडले तर दोष कोणाचा मानावा? लिनक्स या संगणकप्रणालीकडे पाहताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरव्हल्ड्स या तरुणाने १९९१ साली तिचा गाभा रचून लोकांपुढे ठेवला, आणि पुढे देशोदेशींच्या माणसांनी तीत आपापली भर घातली. आज मोठमोठे सर्व्हर तिच्यावर चालतात. पण घरच्या संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसविण्याची वेळ आली, की नवखा मनुष्य उंबरठ्याशीच अडखळतो.

पूर्वीची स्थिती तर विचारूच नये. सॉफ्टवेअर बहुधा मूळ आज्ञांच्या गाठोड्याच्या रूपात मिळे. ते गाठोडे सोडायचे, आपल्या यंत्रावर त्याची जुळणी करायची, आणि मध्येच कळायचे की त्याला आणखी एक लायब्ररी लागते. ती आणावी, तर तिला तिसरी हवी! पुरणपोळ्या करायला बसावे, तो पुरणयंत्र शेजारणीकडे. शेजारणीकडे जावे, तर तिने ते आपल्या बहिणीला दिलेले. अशातली ती गत. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या प्रकल्पांनी तयार पॅकेजे बांधून देण्याची पद्धत रुजविली, आणि १९९९ साली डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ॲप्ट नावाचे साधन लोकांच्या हाती आले. आपण एक नाव सांगावे, आणि त्याला लागणारी सारी पॅकेजे ॲप्टने कोठारातून आपण होऊन हुडकून आणावी! या कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते. ती जुळली नाही, तर ॲप्ट हटून बसते. मला या योजनेचे फार कौतुक वाटते. मोबाइलवरची ॲपची दुकाने निघाली, ती यानंतर कित्येक वर्षांनी.

मग घोडे अडते कोठे? आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी आळी त्यांना बाई म्हणते. त्यांचा जुना संगणक नव्या प्रणालीला पेलवेना, तेव्हा मी त्यावर डेबियन बसवून दिले. आळीतल्या मुलांना सुट्टीत तारे दाखवायचे, म्हणून बाईंना स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर हवे होते. कोणीतरी लिहून दिलेली आज्ञा त्यांनी टर्मिनलच्या काळ्या चौकटीत अक्षर अक्षर जुळवून लिहिली. चौकटीने पासवर्ड मागितला. बाई तो टंकू लागल्या, तर पडद्यावर एक ठिपकादेखील उमटेना! कळफलक बिघडला, अशी त्यांची खात्रीच झाली. पासवर्डाची लांबीसुद्धा कोणास कळू नये, म्हणून ही गुप्तता पाळलेली असते. परंतु हे तेथे सांगणार कोण? पासवर्ड एकदाचा लागला, तेव्हा ‘पॅकेज सापडत नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले. वास्तविक पॅकेज कोठारात होते. संगणकाजवळची यादी तेवढी ताजी करून घ्यायची राहिली होती.

“अरे, तारे पाहायला आधी आपले ग्रह अनुकूल करून घ्यावे लागतात, असं दिसतंय!” बाई मला म्हणाल्या.

त्या हसत होत्या खऱ्या, पण संगणक त्यांनी बंद केला होता. आठवडाभर तो तसाच राहिला. चाळीस वर्षे मुलांना शिकविलेल्या बाईंना आपली बुद्धी थकली असे वाटू लागले, हे मला फार बोचले.

मग मी त्यांना सॉफ्टवेअरचे चित्रमय दुकान दाखविले. नाव शोधावे, कळ दाबावी, काम झाले! पण तेथेही एक गंमत होतीच. स्टेलॅरियम दोन ठिकाणांहून मिळत होते: एक डेबियनच्या कोठारातून, दुसरे फ्लॅटपॅकच्या रूपात. कोणते घ्यावे? प्रत्येक लिनक्स-वाणासाठी निराळे पॅकेज बांधता बांधता सॉफ्टवेअर लिहिणारे मेटाकुटीस येतात. म्हणून फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धती निघाल्या. यांतील सॉफ्टवेअर लागणारे बरेचसे सामान बरोबर घेऊन येते, वळकटी नि तांब्या घेऊन निघालेल्या वारकऱ्यासारखे. त्यामुळे ते कोठेही उतरते. जागा मात्र अधिक अडवते. आवृत्तीही पुष्कळदा नवी असते. बाईंना जुनी आवृत्ती पुरेशी होती. ध्रुवतारा काही दर वर्षी बदलत नाही.

सारे सोपे करा म्हणून कोठाराचा पहारेकरीच काढून टाका, असे म्हणणारे लोक मला पटत नाहीत. २०१८ साली स्नॅपच्या दुकानातील एका साध्या खेळाच्या पोटी आभासी नाणी खणणारी आज्ञावली लपविलेली सापडली होती. पासवर्ड मागणे योग्यच आहे. तो कशासाठी मागतो, हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगावे, एवढेच मागणे. ‘सापडत नाही’ याऐवजी ‘आधी यादी ताजी करून पाहा’ असे लिहायला कितीशी जागा लागते?

अलीकडे ॲप्टने थोडे मनावर घेतलेले दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये नवी येणारी पॅकेजे हिरव्या अक्षरांत आणि काढली जाणारी तांबड्या अक्षरांत दिसतात. बाई आता अधूनमधून ती काळी चौकटही उघडतात. तांबडे अक्षर दिसले, की हात मागे घेतात आणि भिंतीवर टकटक करून मला हाक मारतात.