घुग्घुस : पायाखालची जमीन आणि कायद्याचे दोन दरवाजे

दरवर्षी ऑक्टोबरच्या १५-१६ तारखेला आपल्यापैकी हजारो कुटुंबे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातात, पुस्तके घेतात आणि परतीची गाडी पकडतात. वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे, की पुढच्या खेपेला एक दिवस जास्त काढा आणि सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे घुग्घुस पाहून या. तेथे बाग नाही, तलाव नाही. पण आपल्या घरातला दिवा ज्या कोळशावर लागतो, तो कोणाच्या जिवावर निघतो हे तेथे कळते.

आम्ही चार कुटुंबे एस.टी.ने निघालो. शहर मागे पडले आणि डोंगर दिसू लागले. मुलांनी विचारले, "हा कोणता किल्ला?" हे डोंगर निसर्गाचे नव्हेत. खुल्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती आणि दगड उपसून बाजूला टाकतात, त्याचे हे ढीग आहेत. रस्त्याने कोळशाचे ट्रक सारखे जात होते. झाडांची पाने काळी पडलेली होती. एका वस्तीतल्या आयाबाया म्हणाल्या, "धुतलेले कपडे वाळत घालावे तर संध्याकाळी पुन्हा धुवायचे!" लहान मुलांच्या खोकल्याविषयी त्या बोलल्या, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक राहते घर काही क्षणांत जमिनीच्या पोटात गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर धावली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. जमिनीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती.

असे का होते? भूमिगत खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब ठेवतात. ते खांब कमकुवत झाले किंवा काढून घेतले, आणि रिकामी जागा रेतीने भरली नाही, तर आज ना उद्या वरची जमीन खचते. हे शास्त्र नवे नाही. खाणीत रेती भरण्यासाठी कोळशावर कर बसवणारा कायदा इंग्रज सरकारने १९३९ सालीच केला होता. म्हणजे धोका माहीत होता, उपायही माहीत होता!

खाणीचे कायदे सहजासहजी झाले नाहीत. पहिला खाण कायदा १९०१ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा भागात गेले. ते स्वतः खाणीत उतरले, कोळसा तोडणारे मजूर आणि त्यांची घरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. १९७३ मध्ये इकडच्या खाणी सरकारच्या झाल्या. तरीही २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. कायदा कागदावर असणे वेगळे आणि खाणीच्या तोंडाशी असणे वेगळे.

आम्ही कचेरीत काम करणारी माणसे. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे कळले नाही, तर खरी तक्रारही फाइलीत मरते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून दोन दरवाजे लक्षात ठेवा. खाणीतले छत, वायू, स्फोट, यंत्रे म्हणजेच कामगाराच्या जिवाचा प्रश्न असेल, तर तो केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे न्यावा. त्याचे मुख्य कार्यालय धनबादला आहे, नागपुरातही कार्यालय आहे. धूळ, काळे पाणी, नाल्यात सोडलेली घाण हा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. पाण्याचा कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा.

२००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला शंभरपैकी ८३.८८ मिळाले, देशात चौथा नंबर! शाळेत एवढे गुण मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते. जानेवारी २०१० मध्ये अशा भागांतल्या नव्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी रोखली गेली. पुढे ती बंदी उठली. धूळ मात्र आम्ही परवाही पाहिली.

कायद्याने सामान्य माणसाच्या हातीही काही दिले आहे. १९५५ च्या खाण नियमांनी शंभराहून जास्त कामगारांच्या खाणीत सुरक्षा समिती आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी ठरवून दिले. १९५२ चा खाण कायदा २०२० च्या सुरक्षा संहितेत सामावला, पण सुरक्षा समितीची कल्पना संहितेतही आहे. खाण बंद करताना जमीन नीट करून देण्यासाठी पैसे आधीच राखून ठेवावेत, असे केंद्राने २००९ मध्ये ठरवले. तो दर खुल्या खाणीला हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीला एक लाख रुपये होता. नवी मोठी खाण काढायची तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते, आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाचा सारांश लोकांच्या भाषेत मिळाला पाहिजे.

पण सुनावणीला जाते कोण? पुढारी जातात, ठेकेदार जातात. ज्यांची विहीर आटणार, ज्यांची भिंत तडकणार, त्या बाया त्या दिवशी मजुरीला गेलेल्या असतात! म्हणून खाणीजवळ राहणाऱ्या प्रत्येक वस्तीने हे करावे. दहावी-बारावी झालेल्या एका मुलीने किंवा मुलाने मराठी सारांश आणावा आणि विहारात किंवा समाजमंदिरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा. भिंतीला तडा दिसला तर त्याच दिवशी तारीख घालून अर्ज लिहावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच जपून ठेवावी. पोच नसलेली तक्रार म्हणजे न केलेली तक्रार, हे वीस वर्षांच्या कारकुनीत आम्ही शिकलो आहोत. घर खचल्यावर पंचनामा होतो. तडा असतानाच अर्ज गेला, तर घर वाचण्याची आशा असते.