माथेरानचे घोडे आणि पौषाचा गारठा

कल्याणाहून कर्जतच्या गाडीनें नेरळास उतरून माथेरान गाठावें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं उजेडांत आणलेल्या या गिरिस्थानीं खासगी मोटारींस मज्जाव असल्यानें कित्येक चुली अद्याप घोड्यांवरच पेटतात.

ज्या घोड्याच्या खुरांस पूर्वीं आंतून दाह झाला असेल, त्याला पौषांतील पहाट जड जाते. गारठ्यानें खुरांतील रक्ताभिसरण मंदावतें. तेव्हां ऊब यावी म्हणून मायेनें चारलेला गूळ घातकच, कारण शर्करेनें दाह उफाळतो. खरी ऊब वाळल्या गवताच्या पचनांतून येते. शिवाय कोरडी पागा, पायांस लोकरी पट्ट्या.

भाडें बुडतें हें खरें. पण पुढचे पाय ताणून टाचांवर भार देणारा घोडा दिसल्यास वाचकांनीं दस्तुरीहून पायींच निघावें. बाजार जेमतेम अडीच किलोमीटर आहे.