ठाणे ते कल्याण : एक आप्तयात्रा

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे बदरीकेदारची शिखरे किंवा काश्मिरातील सरोवरे उभी राहतात. आमचा यंदाच्या मे महिन्यातील प्रवास ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा, म्हणजे अवघ्या वीस किलोमीटरांचा. त्याला आम्हांस चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत आमच्या घराण्याचा वंशवृक्ष बदलून गेला. म्हणून त्याची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

निमित्त होते कुलसंमेलनाचे. कोकणातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात आपापले कुलवृत्तांत छापले आणि विखुरलेल्या माणसांना अधूनमधून एकत्र बोलावण्याची रीत पाडली. आमच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. माणसे मात्र पुणे, नाशिक, मुंबई आणि आता परदेशीही. संमेलनास ठाणे निवडले ते गाड्यांच्या सोयीने. पुण्याची व नाशिकची वाट कल्याणास एकत्र होऊन ठाण्यास येते. आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून रत्नागिरीकडील मंडळीही थेट ठाण्यास उतरू शकतात. घरातील लहानथोर मिळून आम्ही नऊ जण पुण्याहून निघालो. ठाण्यास एकंदर त्र्याहत्तर माणसे जमली.

ज्या आगगाडीने आम्हांस एकत्र आणले तिनेच आम्हांस पांगविलेही होते, ही गोष्ट ठाण्यास विशेष जाणवते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून याच गावी पोहोचली. पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणास भिडला. त्यानंतर पगार मुंबईत आणि बिऱ्हाड ठाण्या-कल्याणास, असा संसार करता येऊ लागला. सकाळी आम्ही मासुंदा तलावाच्या काठाने फिरून कोपिनेश्वराचे दर्शन घेतले. हे देऊळ पेशवाईतील सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधविलेले. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालयही पाहिले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या कामी पुढाकार घेतला होता. ज्या भाषेची माणसे नोकरीसाठी दाही दिशांस चालली होती, त्या भाषेची पुस्तके तरी एका छपराखाली राहावीत, ही त्यांची दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटली.

संमेलनाच्या दालनात भिंतभर वंशवृक्ष लावला होता. आमच्या एका काकांनी तीन वर्षे खपून नऊ पिढ्यांची नावे त्यात गोळा केली होती. मुलग्यांच्या नावांतून फांद्या फुटत होत्या. मुलींच्या नावांपुढे ‘वाईस दिली’, ‘कल्याणास दिली’ असे दोनच शब्द, आणि तेथे फांदी खुंटत होती. यात काकांचा काही दोष नव्हता. जुन्या कुलवृत्तांतांची रीत बहुधा अशीच. मुलीची नोंद तिच्या सासरच्या कुळात होईल, हा त्यामागील हिशेब. पण सातवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने तो कागद न्याहाळून विचारले, “म्हणजे माझी फांदीसुद्धा इथेच थांबणार का?” काका हसून म्हणाले, “कल्याणच्या आत्याआजीला विचार. या कागदावरच्या हयात मुलींत ती सर्वांत वडील.” प्रकृतीमुळे आत्याआजी संमेलनास येऊ शकल्या नव्हत्या. त्यांच्या लेकी-नातवंडांना आमंत्रण गेले नव्हते, कारण त्यांचे आडनाव वेगळे. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या दिशेने निघालो.

मुलांना वाट पाहता यावी म्हणून आम्ही मुद्दाम धिमी गाडी घेतली. ठाणे सोडताच खाडीचा पूल लागतो, आणि कळव्यापुढे पारसिकचा डोंगर जवळ येतो. याच डोंगराच्या पोटातून १९१६ साली सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला. धिमी गाडी मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाते. कड्यावरील मुंब्रादेवीचे देऊळ खिडकीतून दिसताच आमच्या मातोश्रींनी हात जोडले. दिवा, कोपर, आणि मग डोंबिवली.

डोंबिवलीस आमच्या वडिलांच्या आतेबहिणीचे चिरंजीव, म्हणजे आत्याआजींचे नातू राहतात. गिरगाव-दादरच्या चाळींतून जागेच्या शोधात निघालेल्या मध्यमवर्गाने हे गाव वाढविले. १९२४ साली येथे गणेश मंदिर उभे राहिले. त्याच संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा पुढे गावोगावी गेली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक येथे राहून लिहीत होते. नातू रोज पहाटे गाडी गाठून मुंबईस जातात. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम रजा घेतली होती. वहिनींनी पानात फणसाची सांदणे वाढली. पहिला घास घेताच आमचे वडील क्षणभर थांबले. ती चव त्यांच्या आजीच्या हातची होती. आत्याआजींनी ती आपल्या आईपासून उचलली, मग लेकीला दिली, आणि लेकीने सुनेला. आमच्या पुण्याच्या घरातून सांदणे केव्हाच नाहीशी झाली होती. जिथे आमची फांदी खुंटली म्हणून लिहिले होते, तिथे ती नांदत होती.

तिसऱ्या दिवशी नातवाला बरोबर घेऊन कल्याण गाठले. कल्याण फार जुने गाव. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत येथील दात्यांचे उल्लेख सापडतात. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी ते घेतले. दुर्गाडी किल्ला आणि तेथील जहाजबांधणी यांची आठवण खाडीकाठी अजून सांगितली जाते. सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्यास ज्यांचे देऊळ पाहिले त्या बिवलकर सुभेदारांच्या वाड्याचे नाव येथेही लोकांच्या तोंडी आहे.

आत्याआजींचे वय एक्याण्णव. त्यांचा जुना वाडा नव्या इमारतीसाठी पाडण्यात आला असून सध्या त्या लेकीसह भाड्याच्या जागेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. वंशवृक्षाची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि लेकीला पत्र्याची ट्रंक उघडावयास सांगितली. तीतून एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही निघाली. आजोबा रेल्वेत कारकून होते; हिशेब लिहिण्याची त्यांना सवय. त्या वहीत १९५५ ते १९६९ या काळात आत्याआजींच्या माहेराहून नोकरीसाठी आलेल्या अकरा मुलांची नावे होती. कोण कोणत्या तारखेस आला, कधी स्वतंत्र बिऱ्हाडास गेला, आणि पहिल्या पगारापर्यंत त्याच्या रेल्वेच्या पासाचे पैसे किती दिले, सारे नोंदलेले. दोन खोल्या आणि एक माळा यांत ही मुले राहिली. वंशवृक्ष करणाऱ्या काकांच्या वडिलांचे नाव तिसरे होते : दोन वर्षे, चार महिने.

“फांदीचं राहू दे,” आत्याआजी पुतणीला म्हणाल्या. “पण कुणाचा डबा किती वाजता भरायचा, ते मला अजून पाठ आहे. लिहून घे.” आणि त्या खरोखरच सांगू लागल्या.

परत निघण्यापूर्वी आम्ही पारनाक्यापर्यंत चालत गेलो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे बालपण कल्याणात गेले. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या, ते केवळ पत्रांतून जुळलेल्या कार्पेंटरबाईंच्या आधारावर. त्या बाईंना आनंदीबाई मावशी मानीत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीस, पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. धर्म, देश, भाषा सारे निराळे असताना एका परकीय घराने या मुलीस आपल्यात जागा दिली. आम्हांस तर जागा द्यावयाची होती ती आमच्याच लेकींना.

त्या रात्री काकांस दूरध्वनी केला. वडील कल्याणास राहिले होते एवढे त्यांना ठाऊक होते. किती काळ, ते ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी ते स्वतः आले आणि आत्याआजींजवळ दुपारभर बसून त्यांच्या लेकी, जावई, नातवंडे व पणतवंडे अशी शेहेचाळीस नावे उतरवून घेतली. ही गोष्ट सर्वांनाच रुचली असे नाही. गोत्र बदलल्यावर ती माणसे आपल्या कुळाची कशी, असे एका वडीलधाऱ्या आप्तांनी कळविले. प्रश्न जुना आहे आणि परंपरेला धरूनही आहे. काकांनी उत्तर दिले, “गोत्र लग्न जुळवताना बघू. पंगत मांडताना नको.” ते आप्त अद्याप गप्प आहेत, त्यांचा रुकार येईल अशी आम्हांस आशा आहे.

वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की येत्या सुटीत लांबच्या प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या घराण्यातील सर्वांत वृद्ध लेक कोठे राहते याची चौकशी करावी, आणि जाताना एक कोरी वही न्यावी. आत्याआजींच्या वहीची नक्कल आम्ही करून घेतली. मूळ वही त्यांच्याच ट्रंकेत आहे. पुढील संमेलन वैशाखात कल्याणास भरेल. वंशवृक्षासाठी काकांनी या खेपेस दुप्पट रुंदीचा कागद सांगून ठेवला आहे.