मिठाच्या चिखलातला वाघ

उन्हाळ्यात लेकी-सुनांकडे अमेरिकेला जाणारे आई-वडील न्यूयॉर्क आणि नायगारा पाहून परततात. नेब्रास्का राज्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पण जूनमध्ये त्या बाजूला जाणे झालेच, तर राजधानी लिंकनच्या उत्तरेची पाणथळ जमीन जरूर पाहावी. समुद्र इथून हजार किलोमीटरहून दूर, तरी जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा! भूगर्भातल्या वालुकाश्मातून खारे पाणी वर झिरपते आणि ऊन लागले की मीठ मागे उरते.

या मिठाच्या आशेनेच गेल्या शतकाआधी इथे माणसे आली आणि वस्ती वसली. 1867 मध्ये तिला राजधानीचा मान आणि लिंकन हे नाव मिळाले. मिठाचा धंदा पुढे टिकला नाही, शहर मात्र वाढत गेले. ओढे सरळ केले, पाणथळी बुजवल्या. एके काळी वीस हजार एकरांहून अधिक असलेल्या या खाऱ्या जमिनीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त नष्ट झाली किंवा बिघडली.

जी उरली, तिथे एक छोटा वाघ राहतो. सॉल्ट क्रीक टायगर बीटल हा भुंगेरा जगात फक्त याच परिसरात सापडतो. लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, रंग धातूसारखा चमकदार, तपकिरी ते गडद हिरवा. बाहेर आलेले टपोरे डोळे, लांबसडक पाय आणि कोयत्यासारखे जबडे ही टायगर बीटलची ओळख. पण खरी खूण त्याच्या चालीत आहे. तो धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. वेग इतका, की धावताना डोळ्यांना भक्ष्य नीट दिसतच नाही. म्हणून थांबून नेम धरायचा आणि पुन्हा झेप घ्यायची!

त्याची अळी मात्र जागची हलत नाही. ओढ्याकाठच्या ओल्या, खारट मातीत ती उभे बीळ करते आणि चपट्या डोक्याने त्याचे तोंड बंद करून दबा धरून बसते. पाठीवरच्या आकड्यांनी ती बिळात घट्ट रुतलेली असते. मुंगी जवळ आली, की झडप घालून आत ओढते. दोन वर्षांच्या आयुष्यातला बहुतेक काळ असा बिळात जातो, बाहेरचे ऊन लाभते ते शेवटचे काही आठवडे. त्यातही रात्रीच्या दिव्यांकडे ओढले जाऊन मादीचे अंडी घालणे चुकते.

2005 मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केले. काही वर्षी तर मोजणीत दोनशेही भुंगेरे भरले नाहीत. ओमाहाच्या हेन्री डूर्ली प्राणिसंग्रहालयात अळ्या वाढवून पाणथळीत सोडल्या गेल्या. पण ओलसर खारी जमीनच नसेल, तर त्यांनी राहायचे कुठे?

आर्बर लेकच्या पाणथळीत लोकांना फिरता येते. स्वच्छ उन्हाची वेळ निवडा, सावली भुंगेऱ्यावर पडू देऊ नका आणि वाट सोडून चिखलात उतरू नका. पायाखाली अळ्यांची बिळे असतात.

एवढ्या लांब जाणे न जमले, तरी हिरमुसू नका. भारतात टायगर बीटलच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी नदीकाठच्या वाळूत राहतात. नदीवर जाल तेव्हा ओल्या वाळूकडे नीट पाहा. तीच वाळू ट्रकमध्ये भरली जाते, तेव्हा बिळातल्या अळ्याही सोबत जातात.