फुकटचा डबा

१९७०च्या आसपास आफ्रिका-आशियातल्या कितीतरी प्रसूतिगृहांत पांढऱ्या गणवेशातल्या बायका खाटांमधून फिरत. बाळंतिणीला वाटे, नर्सबाई आल्या. त्या असत दूधपावडर कंपनीच्या विक्रेत्या. चार गोष्टी सांगून जाताना हातात नमुन्याचा डबा ठेवून जात. बाळ जेवढं ओढेल तेवढंच अंगावरचं दूध तयार होतं. त्यामुळे डबा संपेपर्यंत ते आटत आलेलं असे. पुढचा डबा विकतचा. तो पुरवायचा म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन, पाणी मिळेल तसलं, बाटली न उकळलेली. हगवण लागायला एवढं पुरे.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ सालीच सिंगापूरच्या रोटरी क्लबात यावर खडे बोल सुनावले होते. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९७४ साली ब्रिटनमध्ये ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका निघाली, तिचा जर्मन अनुवाद आणखी जहाल नावाने छापणाऱ्या स्विस गटाला नेस्लेने कोर्टात खेचलं. १९७६ साली गटाला किरकोळ दंड झाला. पण विक्रीच्या पद्धती मुळापासून बदला, असं न्यायाधीशांनी कंपनीलाही ऐकवलं. असला विजय न मिळाला तरच बरा! १९८१ साली जागतिक आरोग्य सभेत दूधपावडरच्या विक्रीवर आचारसंहिता आली. बाजूने ११८ मतं, विरोधात एक: अमेरिकेचं.

भारताने १९९२ साली कायदाच केला आणि २००३ साली तो आणखी आवळला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रही नाही. कायदा मोडला तर तक्रार करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला; मुंबईची ‘अकॅश’ त्यांतली एक.

खरी मेख मात्र नवव्या कलमात आहे. डॉक्टरांना भेटवस्तू नाही, त्यांच्या परिषदेला, संशोधनाला, शिष्यवृत्तीला या कंपन्यांचा पैसा नाही. ‘एका पेनाने मी थोडाच विकला जातो?’ हे डॉक्टरांचं नेहमीचं उत्तर, आणि बहुतेक जण ते मनापासून देतात. पण कंपन्या हिशेबाला पक्क्या असतात. उगाच पेनं वाटत नाहीत. मिंधेपण ज्याचं त्याला कळत नाही, हे ओळखूनच कायदा करणाऱ्यांनी प्रश्न डॉक्टरांच्या सचोटीवर सोडला नाही.

औषध कंपन्यांच्या बाबतीत मात्र नियमांचा हात आखडतो. एकाच सभागृहात दूधपावडरच्या पैशाला मज्जाव आणि अँटिबायोटिकवाल्यांचा स्टॉल दाराशीच, असं चित्र त्यातूनच तयार होतं. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने औषध कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना जाण्यास डॉक्टरांना मनाई केली. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि त्याच महिन्यात नवे नियम स्थगित झाले. पुन्हा २००२ची नियमावली लागू झाली. तीत एकट्या डॉक्टरला कंपनीकडून भेटवस्तू घेता येत नाही; संघटनांवरचं तेच बंधन २०१६ साली काढून टाकलेलं आहे.