वाईट गोष्टीतला चांगला माणूस

गोष्ट वाईट लिहिलेली असेल, तर तिच्यातले पात्र चांगले असू शकते काय? हा प्रश्न साहित्याच्या वर्गातला वाटतो. चळवळीतल्या माणसाने त्यावर डोके कशाला शिणवायचे, असे आम्हालाही वाटत होते. पण हाच प्रश्न एका वस्तीत आम्हाला तोंडावर विचारला गेला आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

झाले असे. नामविस्तार दिनाला, १४ जानेवारीला, नांदेडच्या एका वस्तीत आम्ही शहीद पोचिराम कांबळे यांच्यावर पथनाट्य केले. लिहिले आम्हीच, बसवलेही आम्हीच. डफ, चार निळे झेंडे, पंचवीस मिनिटे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातली गावे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचिराम कांबळे यांना मारून जाळण्यात आले. गुन्हा एवढाच, की त्यांनी 'जय भीम' सोडला नाही. आमच्या नाटकात पोचिराम पहिल्या मिनिटाला घोषणा देत येत, मध्ये दोन भाषणे करत आणि शेवटी जळताना पुन्हा घोषणा देत. टाळ्या पडल्या, लोक रडले. नाटक जमले, असे आम्ही समजलो.

तेच नाटक घेऊन १ ऑगस्टला आम्ही लातूरला गेलो. अण्णा भाऊ साठे जयंती, मातंग वस्ती. प्रयोग संपला तेव्हा टाळ्या पडल्या, पण बेताच्या. पुढे बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली, "लेकरांनो, पोचिराम लई चांगला दावलाव. पर त्यो नुस्ता मरायलाच आलाय की. जगला कवा?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. मग मागून एक कॉलेजचा पोरगा उठला. "दादा, पोचिराम कांबळे मातंग होते. तुमच्या अख्ख्या नाटकात हे एकदाही आलं नाही. सांगायची लाज वाटली का?"

आमच्याकडे तयार उत्तर होते. शहिदाला जात नसते, आपण सगळे एक, म्हणून जात सांगितली नाही. पोरगा शांतपणे म्हणाला, "एक आहोत तर तुमच्या जयंतीच्या बॅनरवर आमचे अण्णा भाऊ कधी दिसत नाहीत ते?"

परतीच्या एसटीत कोणी बोलले नाही. आमच्यातलाच एक जण अहमदपूर गेल्यावर म्हणाला, "नाटक वाईट असेल, पण पोचिराम तर चांगलेच आहेत ना?" तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

पहिली गोष्ट ही, की चांगला माणूस आणि चांगले पात्र यांत फरक आहे. पोचिराम कांबळे चांगले माणूस होते, ते इतिहासाने सिद्ध केले. आमच्या लेखणीच्या प्रमाणपत्राची त्यांना गरज नाही. पण पात्र घडते ते निवडीतून. समोर दोन वाटा असाव्या लागतात, दोन्हींची किंमत त्याला ठाऊक असावी लागते आणि मग त्याने एक वाट धरावी लागते. आमच्या नाटकातल्या पोचिरामांसमोर दुसरी वाटच नव्हती. ते पुतळ्यासारखे आले आणि पुतळ्यासारखे गेले.

आता त्या पोराचा प्रश्न घ्या. १९७८ सालचे हल्ले मुख्यतः बौद्ध वस्त्यांवर होते. मातंग समाज १९५६ च्या धर्मांतरात मोठ्या संख्येने आलेला नव्हता. म्हणजे एका मातंग माणसाला त्या आठवड्यात बाजूला होण्याची वाट होती. 'हे भांडण त्यांचे, आमचे नाही' एवढे म्हटले की झाले असते. पोचिराम कांबळे यांनी ते म्हटले नाही. त्यांचा 'जय भीम' जन्माने आलेला नव्हता, वस्तीच्या रिवाजाने आलेला नव्हता. तो त्यांनी निवडलेला होता. त्यांच्या चारित्र्याचा गाभा हा आहे आणि आम्ही नेमका तोच खोडून टाकला. एकीच्या नावाखाली खोडला, हे तर आणखी वाईट. वाईट गोष्टीने चांगला माणूस मेला नाही, पण झाकला गेला.

मग वाईट गोष्टीत चांगले पात्र असूच शकत नाही, असे म्हणायचे काय? तसेही नाही. एकलव्य घ्या. ती गोष्ट ज्यांनी रचली, त्यांना गुरुभक्ती शिकवायची होती. दारातून हाकललेला मुलगा मातीच्या पुतळ्यासमोर एकट्याने धनुर्विद्या शिकतो आणि राजपुत्राच्या पुढे जातो, एवढा भाग खरा तेजस्वी आहे. पण अंगठा कापून देताना त्याच्या मनात काय आले, हे गोष्ट विचारत नाही; कारण गोष्टीला अंगठा हवा आहे, एकलव्य नको आहे. तरीही तो आपल्यापर्यंत पोहोचला, आपल्या कवींनी त्याला जवळ केले. गोष्टीच्या भेगेतून पात्र डोकावते ते असे. मात्र भेग दिसायला वाचणारा जागा असावा लागतो. गोष्टीच्या मालकाने ती आपल्यासाठी ठेवलेली नसते.

दुसरे उदाहरण अण्णा भाऊंचेच. एम.ए.ला असताना आम्हाला ऐकवले गेले, की 'फकिरा'ची रचना सैल आहे, योगायोग फार, सगळे सिनेमासारखे. आम्हीही ते खरे मानून परीक्षेत लिहिले आणि मार्क मिळवले. आज वाटते, घटनांची वीण सैल असेलही. पण उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा, आपल्या माणसांना सरकारने डांबल्यावर त्यांच्या सुटकेसाठी स्वतः हजर होतो. पळून जाण्याची वाट त्याच्यासमोर मोकळी असते. निवड आहे, किंमत आहे. म्हणून १९५९ सालची ती कादंबरी आजही वस्तीत वाचली जाते. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, हे दोन्ही समाजांच्या पोरांना माहीत असायला पाहिजे. म्हणजे ज्याला प्रस्थापित समीक्षा 'वाईट गोष्ट' म्हणते, ती प्रत्येक वेळी वाईट असतेच असे नाही. कोण मोजतो आणि कशाने मोजतो, हेही पाहावे लागते.

पण या प्रश्नावरचे सगळ्यात मोठे काम बाबासाहेबांनी करून ठेवले आहे आणि ते आपण दर रविवारी विहारात वाचतो. परंपरेने सांगितलेली सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा काय होती? त्याला म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसले आणि तो रात्री घर सोडून निघाला. बाबासाहेबांनी साधा प्रश्न टाकला : एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा, आजारी, मेलेला पाहिलाच नव्हता, हे कोणाला पटेल? नायक थोर, पण कथेची बांधणी बुद्धीला न पटणारी. बाबासाहेबांनी नायकाला सोडले नाही. कथा दुरुस्त केली.

१९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उभा आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण आहे. तो युद्धाला विरोध करतो, पंचांकडून निवाडा करून घेण्याचा मार्ग सुचवतो, मतदानात हरतो. सैन्यात जायला नकार देतो. शिक्षा काय, तर फाशी किंवा देशत्याग; शिवाय कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त. तो कुटुंबाला वाचवून स्वतः परिव्राजक होऊन देश सोडतो, तेही यशोधरेशी बोलून. पुढे दोन्ही गणांत समेट झाल्याची बातमी येते. परतायला हरकत नसते. तरी तो परतत नाही, कारण भांडणाचे मूळ त्याहून खोल आहे हे त्याला कळलेले असते.

बघा, किती निवडी आहेत! झोपलेल्या बायकोला सोडून जाणाऱ्या राजपुत्राला आपण नमस्कार केला असता. सभेत हरलेल्या, पण न झुकलेल्या माणसाच्या मागून आपल्याला चालता येते. फरक कथेच्या बांधणीचा आहे.

म्हणून आमचे उत्तर असे : वाईट गोष्टीत चांगले पात्र जन्माला येऊ शकते, पण फार काळ जगू शकत नाही. कोणीतरी त्याला तिथून उचलून चांगल्या गोष्टीत न्यावे लागते. जातिव्यवस्था हीच मुळात एक वाईट लिहिलेली गोष्ट आहे. प्रत्येकाची भूमिका जन्माआधी ठरलेली, निवडीला जागा नाही. तिच्यातही चांगली माणसे निघाली. पण 'व्यवस्थेतही चांगली माणसे असतात' एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे गोष्ट तशीच ठेवणे. बाबासाहेबांनी चांगली माणसे शोधत बसण्याऐवजी गोष्टच बदलायला घेतली.

आणि आपण? ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला, तेव्हापासून नांदेड-लातुरात बौद्ध आणि मातंग पोरे एकमेकांशी तिरकस बोलू लागली आहेत. निकालावर मतभेद असू शकतात, त्यावर भांडूही. पण ज्या जिल्ह्यात एका मातंग माणसाने 'जय भीम'साठी जीव दिला, त्या जिल्ह्यात आपण त्याची ओळख पुसून नाटके करत असू, तर दुरावा कोर्टाने आणला असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

नाटक आता आम्ही नव्याने लिहीत आहोत. लातूरचा तो पोरगा सोबत बसतो, आम्हाला वाक्यावाक्याला अडवतो. नाटकात आता मरण एका वाक्यात येते. बाकी वेळ पोचिराम कांबळे जिवंत आहेत, आणि 'तू कशाला त्यांच्या भांडणात पडतोस?' असे त्यांना विचारले जाते. त्या प्रश्नानंतर डफ थांबतो. येत्या १४ जानेवारीला पहिला प्रयोग लातूरच्या त्याच वस्तीत करू. त्या आजी पुढच्या रांगेत असाव्यात, एवढी इच्छा आहे.

जय भीम!