१६० चौरस फूट

बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. माणसं सहा. आईने खिडकीसमोर मोठा आरसा लावला, भिंतींना फिकट रंग दिला, गाद्या पोटमाळ्यावर चढवल्या आणि फोल्डिंगचं टेबल जेवणापुरतंच उघडायचा नियम केला. जमीन मोकळी दिसली की खोली मोठी वाटते, हे तिला कुठल्या रीलने शिकवलं नव्हतं. पाहुणे म्हणायचे, "किती ऐसपैस वाटतं!"

ताई मात्र कपडे बदलायला मोरीच्या पडद्याआड जायची, फोनवर बोलायला जिन्यात. आरसा उजेड दुप्पट करतो, एकांत नाही. पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घराचा नकाशा हातात आला, तेव्हा आईने खिडक्या मोजल्या. ताईने आधी बेडरूमचं दार शोधलं.